भारदस्त स्वार आणि खडीची वाट

सातारा-सांगलीच्या बाजूस पहाटे घराबाहेर पडणाऱ्या मनुष्यास एक दृश्य पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचें होतें. काळ्या रंगाची उंच सायकल, तिच्या दोन्ही अंगांस दुधानें भरलेल्या किटल्या आणि खडीच्या रस्त्यानें सावकाश, पण न थांबतां शहराकडे येणारा गवळी. बाजारच्या दिवशीं त्याच सायकलीवर शेंगांचें पोतें दिसे. जत्रेच्या दिवशीं पुढच्या दांडीवर मूल आणि मागें ‘डबल सीट’ बसलेलें घरचें माणूस दिसे. स्वार, सायकल आणि ओझें मिळून सव्वाशें-दीडशें किलोग्रॅमांचा भार त्या दोन चाकांवर सहज पडत असे. “तुला हें पेलवेल काय?” असें त्या सायकलीस कोणी विचारलें नाहीं.

आज मात्र शंभर किलोग्रॅम वजनाच्या एखाद्या गृहस्थानें किंवा गृहिणीनें सायकलीवर बसण्याची इच्छा बोलून दाखविली, कीं हाच प्रश्न सर्वांत आधीं पुढें येतो. लोक तो थट्टेनें विचारतात, आणि ती व्यक्ति स्वतःच्या मनाशीं तो गंभीरपणें विचारते. मग कोणाची तरी बारीक टायरांची, पुढें वांकून बसावयाची सायकल उसनी आणली जाते. पंधरा मिनिटांत बैठकीखालीं कळा येऊं लागतात, तळहातांना मुंग्या येतात, पहिल्याच चढावावर दम कोंडतो आणि उतरतांना एका खड्ड्यांत चाक आपटून ट्यूब फुटते. “आधीं वजन उतरवूं, मग सायकलीचें पाहूं,” असा निश्चय होऊन सायकल परत जाते. वजन उतरण्याची वाट पाहण्यांत वर्षें निघून जातात, आणि ज्या आनंदासाठीं मूळची इच्छा झाली होती, तो आनंद तसाच राहून जातो.

या सर्व प्रकारांत दोष शरीराच्या माथीं मारला जातो. वस्तुतः वरील चारही तक्रारींचें मूळ बहुतांशीं एकच असतें: यंत्र एका वजनाचें आणि स्वार दुसऱ्या वजनाचा. गवळ्याची सायकल ओझें पेलीत होती, कारण ती ओझ्यासाठींच बनविलेली होती. भरदार बांध्याच्या स्वारानेंही सायकल आपल्या भाराप्रमाणें जुळवून घेतली, तर सडपातळ होण्याची वाट पाहण्याचें कारण उरत नाहीं.

गेल्या वीस वर्षांत पाश्चात्य देशांत ‘ग्रॅव्हल’, म्हणजे खडीच्या वाटेवरील सायकलफेरी, हा एक स्वतंत्र छंद बनला आहे. अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत एम्पोरिया या गांवीं २००६ सालापासून अशा रस्त्यांवर लांब पल्ल्याची शर्यत भरूं लागली, आणि २०२२ सालीं या प्रकारची पहिली जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा इटलींत झाली. शर्यतींचा भाग सोडला, तरी या छंदाचें खरें सुख निराळेंच आहे. मोटारींच्या वर्दळीपासून दूर, शेतांतून व माळांतून जाणाऱ्या कच्च्या वाटेनें, घाई न करितां जाणें, एवढाच त्याचा सारांश. त्यासाठीं बनविलेल्या सायकलींचे टायर साधारणतः ४० ते ५० मिलीमीटर रुंद असतात. जुन्या काळ्या सायकलीचा टायर दीड इंचाचा, म्हणजे सुमारें ३८ मिलीमीटरांचा होता. नव्या छंदानें जुन्या शहाणपणास पुन्हां जवळ केलें, असेंच म्हणावें लागेल.

या शहाणपणाचा गाभा म्हणजे हवा. १८८८ सालीं बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकीस हवेनें भरलेलें रबरी वेष्टन बसविलें, आणि तेथून सायकलीचें खरें युग सुरू झालें. योगायोग असा, कीं किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभही त्याच १८८८ सालापासून, बेळगांवांतील सायकलींच्या दुकानापासून, मोजतो. पुढें १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं तेव्हांच्या औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसविली. ती वाडी आज सांगली जिल्ह्यांत आहे.

टायरांतील हवा भार कसा पेलते, तें एका साध्या हिशेबानें कळतें. समजा, स्वार १०५ किलोग्रॅमांचा आणि पाण्याच्या बाटलीसह सायकल १५ किलोग्रॅमांची आहे. एकूण १२० किलोग्रॅमांपैकीं सुमारें साठ टक्के, म्हणजे ७२ किलोग्रॅम अथवा १५९ पौंड, मागच्या चाकावर येतात. टायरांत दर चौरस इंचास ५० पौंड दाब असेल, तर हा भार तोलण्यास टायरचा सुमारें सव्वातीन चौरस इंच भाग जमिनीस टेंकावा लागतो. साठ किलोग्रॅमांच्या स्वारास त्याच दाबांत दोनच चौरस इंच पुरतात. याचा अर्थ असा, कीं भारी स्वाराखालीं टायर अधिक दबतो. टायर अरुंद असेल तर त्यांत दबण्यास जागाच नसते. दगड लागतांच रिम आणि दगड यांच्या चिमटींत ट्यूब सांपडते आणि तिला सापाच्या दातांसारखीं दोन भोकें पडतात. हें टाळण्यासाठीं हवा ठासून भरावी, तर टायर दगडासारखा कठीण होतो आणि प्रत्येक खडा मनगटांस व पाठीस जाणवतो.

यांतून सुटण्याचा मार्ग म्हणजे रुंद टायर. त्यांत हवेचा सांठा मोठा असल्यामुळें कमी दाबांतही भार पेलला जातो आणि रिम सुरक्षित राहते. वरील स्वारानें ४० मिलीमीटरांच्या टायरांत मागें सुमारें ५० आणि पुढें ४५ पौंड, किंवा ५० मिलीमीटरांच्या टायरांत मागें ४० आणि पुढें ३५ पौंड दाबापासून आरंभ करावा. हे आंकडे शेवटचे नव्हेत. रिम दगडावर आपटल्याचा आवाज आल्यास दोन-तीन पौंड वाढवावेत. हात बधिर होऊं लागल्यास तितकेच कमी करावेत. टायरच्या कडेवर छापलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडूं नये. अंगठ्यानें टायर दाबून हवा पाहण्याची संवय सर्वांनाच असते; येथें तिच्यावर न विसंबतां कांट्याचा पंप घरीं ठेवणें श्रेयस्कर.

टायरनंतर चाकाचा विचार. जुन्या सायकलीच्या पुढच्या चाकास ३२ आणि मागच्यास ४० तारा असत. मागच्या चाकावर भार अधिक पडतो, हें बनविणारांनीं ओळखलें होतें. आजच्या कित्येक देखण्या सायकलींस वीस-चोवीसच तारा असतात. भरदार स्वारानें निदान मागच्या चाकास ३२ किंवा ३६ तारा मागून घ्याव्यात. तार तुटते ती बहुधा एका धक्क्यानें नव्हे. ढिली तार प्रत्येक फेऱ्यास सैल होते व पुन्हां ताणली जाते, आणि हजारों फेऱ्यांनंतर तुंब्यापाशीं जेथें ती वांकविलेली असते, तेथें थकून तुटते. म्हणून नवी सायकल घेतल्यावर पहिल्या शंभर-दोनशें किलोमीटरांनंतर ती जाणत्या कारागिराकडे नेऊन चाकांचा ‘आऊट’ काढून सर्व तारा सारख्या ताणून घ्याव्यात. यास खर्च थोडा येतो आणि पुढचा मनस्ताप पुष्कळ वांचतो. खरेदीच्या वेळीं सायकलीस किती भार चालतो, हेंही स्पष्ट विचारावें. पुष्कळ कारखानदार ही मर्यादा लेखी देतात आणि तींत सामान धरलें आहे कीं नाहीं, तेंही सांगतात. असें विचारण्यांत संकोच वाटण्याचें कारण नाहीं. ट्रक विकत घेणारा हाच प्रश्न पहिल्यानें विचारतो.

आतां बैठक. शरीर मोठें म्हणून सीटही मोठी आणि गादीसारखी मऊ हवी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अनुभव याच्या उलट आहे. बसतांना शरीराचा भार कमरेच्या दोन हाडांवर येतो. या हाडांमधील अंतर अंगावरील मांसावर अवलंबून नसतें. स्त्रियांमध्यें तें साधारणतः अधिक असतें. सीटची मागची बाजू या हाडांना पुरेशी रुंद असली म्हणजे झालें. फार मऊ सीटमध्यें हाडें रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. फार रुंद सीटवर मांड्या घासतात. एखाद्या कठीण बाकावर जाड पुठ्ठा ठेवून त्यावर पाय किंचित् उंच करून बसल्यास दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांमधील अंतर मोजून, त्यांत दोन-तीन सेंटिमीटर मिळवून सीट निवडावी. सायकलीसाठीं मिळणारी गादी लावलेली तंग विजार आंतल्या कपड्याविना वापरावी आणि जेथें कातडी घासते, तेथें आधींच व्हॅसलीन लावावें. वरून सैल सदरा, कुडता किंवा सलवार घातल्यास तंग विजारीचा संकोचही राहत नाहीं.

सीटची उंची ठरविण्याची युक्ति सोपी आहे: पेडल अगदीं खालीं असतांना टांच त्यावर ठेविली, तर पाय सरळ झाला पाहिजे. सीट याहून फार खालीं ठेविल्यास गुडघ्यांवर ताण येतो. हँडल मात्र सीटच्या बरोबरीनें किंवा थोडें वर असावें. पोट मोठें असेल तर पुढें वांकल्यावर प्रत्येक फेऱ्यास मांडी पोटास भिडते, श्वास अडतो आणि गुडघे बाहेर फांकतात. याच कारणास्तव पेडलचा दांडा, ज्यास दुकानांत क्रँक म्हणतात, नेहमींच्या १७० किंवा १७५ मिलीमीटरांऐवजीं १६० किंवा १६५ मिलीमीटरांचा घेतल्यास मोठा फरक पडतो. दांडा आंखूड झाला म्हणजे गुडघा तितका वर येत नाहीं. दम कोंडल्याची पुष्कळांची तक्रार या एका बदलानें निम्मी होते.

उरलेली निम्मी तक्रार गिअरची असते. जुन्या सायकलीची पुढची चकती ४४ दातांची आणि फ्रीव्हील १८ दातांचें असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यांत सायकल सुमारें ५.४ मीटर पुढें जाते. तासास आठ किलोमीटर वेगानें चढण चढतांना मिनिटास केवळ पंचवीस फेरे पडतात, आणि प्रत्येक फेऱ्यास सगळें शरीर गुडघ्याच्या जोरावर उचलल्यासारखें होतें. उलट पुढें ३० आणि मागें ३६ दांत असल्यास एका फेऱ्यांत सायकल दोन मीटरही जात नाहीं; तोच वेग ठेवण्यास मिनिटास सत्तरांहून थोडे अधिक फेरे लागतात, पण प्रत्येक फेरा हलका पडतो. साठ किलोग्रॅमांच्या स्वारास जी चढण पंचवीस मिनिटें घेते, तीच १०५ किलोग्रॅमांच्या स्वारास तितक्याच शक्तीनें सुमारें चाळीस मिनिटें घेते. हा निसर्गाचा हिशेब आहे. पंधरा मिनिटांचें अंतर तोडण्याच्या हट्टांत धाप लागते. तीं पंधरा मिनिटें आनंदानें अधिक घेतलीं, तर माथा दोघांनाही सारखाच लाभतो. सपाट रस्त्यावर तर वजनाचा फरक फारच थोडा जाणवतो, कारण तेथें वेग वाढला कीं मुख्य विरोध हवेचा असतो.

येथेंच सातारा आणि सांगली या जोडीचें महत्त्व आहे. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. मूळचा जिल्हा एक, पण भूमीचा स्वभाव दोन प्रकारचा. सांगलीकडील कृष्णाकांठ बव्हंशीं सपाट, तर साताऱ्याकडे चढ-उतारांना तोटा नाहीं. भरदार स्वारानें आपलें शिक्षण सांगलीच्या बाजूस सुरू करावें आणि साताऱ्याच्या बाजूस पुरें करावें, हा क्रम उत्तम.

आरंभासाठीं कालव्याच्या कांठासारखी दुसरी वाट नाहीं. कऱ्हाडजवळील खोडशीच्या बंधाऱ्यापासून निघणारा कृष्णा कालवा सांगलीकडच्या शेतांना पाणी देत आला आहे. पाणी आपल्या वजनानें, पण सावकाश वाहावें म्हणून कालव्याचा उतार किलोमीटरामागें साधारणतः वीत-हातभरच ठेवितात. साहजिकच त्याच्या कांठच्या वाटेसही दमविणारी चढण नसते. जेथें पाटबंधारे खात्याचें फाटक असेल, तेथें विचारून जावें. कालव्याचा कांठ सोडला, तर उसाच्या फडांमधून जाणाऱ्या पाणंदी आहेतच. दोन गोष्टींची सावधगिरी मात्र हवी. बाभळीचे कांटे या वाटांवर हमखास पडलेले असतात, म्हणून जोड ट्यूब, पंप आणि पंक्चरचें साहित्य बरोबर ठेवावें. आणि कृष्णाकांठची काळी माती पावसांत अशी चिकटते, कीं चाक आणि चिमटा यांत ती भरून सायकल जागची हलत नाहीं. पाऊस पडून गेल्यावर वाट वाळेपर्यंत तिकडे न जाणें हेंच शहाणपण. त्यांत शेतकऱ्याची वाटही खराब होत नाहीं. साखर कारखान्यांच्या हंगामांत उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांना आधीं वाट द्यावी.

सपाटीवर वीस-पंचवीस किलोमीटर सुखानें होऊं लागले, कीं मिरज-पंढरपूर रस्त्यानजीकच्या दंडोबाच्या डोंगराचा किंवा खटाव-माणच्या मुरमाड माळांचा विचार करावा. महाबळेश्वरीं वर्षास पांच हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर माण-आटपाडीकडे तो पांचशेंच्या आसपास असतो. म्हणून पूर्वेकडील मुरमाची वाट वर्षांतील बहुतेक महिने कोरडी आणि टणक मिळते. सर्वांत शेवटीं साताऱ्याहून यवतेश्वराच्या घाटानें कासच्या पठाराकडे जावें. पश्चिम घाटांतील इतर स्थळांबरोबर २०१२ सालीं जागतिक वारशांत गणलें गेलेलें हें पठार सुमारें बाराशें मीटर उंचीवर आहे. तेथें सायकल रस्त्यावरच ठेवावी. फुलांच्या भूमीवर चाक घालूं नये.

या घाटाची खरी परीक्षा चढण्यांत नसून उतरण्यांत आहे. कासहून साताऱ्यास येतांना साडेचारशें मीटरांच्या आसपास उतार पडतो. सायकलीसह १२० किलोग्रॅमांचा भार इतका खालीं येतांना जी शक्ति मोकळी होते, तींत साधें पाणी दीड लिटरांहून अधिक उकळूं शकेल. ७५ किलोग्रॅमांच्या भारास हेंच प्रमाण सुमारें एक लिटर. हवेचा विरोध यांतील कांहीं भाग घेतो. उरलेला सर्व भाग ब्रेकमध्यें उष्णतेच्या रूपानें जातो. रिमवर घासणारे ब्रेक सतत दाबून धरल्यास रिम तापते आणि ट्यूब फुटण्याचाही संभव असतो. म्हणून भरदार स्वारास तबकडीचे, म्हणजे डिस्क ब्रेकच घ्यावेत आणि त्यांच्या गाद्या वरचेवर तपासाव्यात. उतारावर ब्रेक धरून ठेवूं नयेत. दोन्ही ब्रेक जोरानें दाबून वेग पुरता कमी करावा, मग सोडावेत, पुन्हां दाबावेत. मध्यें एक-दोनदां थांबून दरी पाहावी. तेवढ्यांत ब्रेक निवतात. तबकडीस हात लावूं नये. ती तव्याइतकी तापलेली असूं शकते.

शरीराविषयीं दोन शब्द आवश्यक आहेत. रक्तदाब, मधुमेह, हृदयाची किंवा सांध्यांची तक्रार असल्यास आधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातींत दुखूं लागलें किंवा भोंवळ आली, तर तेथेंच थांबावें आणि मदत बोलवावी. सायकलीवर शरीराचा बहुतेक भार सीट पेलते, म्हणून धांवण्यापेक्षां गुडघ्यांवर ताण कमी येतो. पण हा लाभ हलक्या गिअरनेंच मिळतो. आरंभीं आठ-दहा किलोमीटर, एक दिवसाआड, पुरे. वेग असा असावा, कीं बरोबरच्या माणसाशीं पूर्ण वाक्यांत बोलतां यावें. मोठें शरीर उष्णता अधिक निर्माण करितें आणि वजनाच्या मानानें त्याची कातडी कमी असल्यामुळें ती उष्णता सावकाश बाहेर पडते. म्हणून चैत्र-वैशाखांत उजाडण्यापूर्वीं निघून ऊन चढण्याआधीं परतावें, तहान लागण्यापूर्वींच पाणी प्यावें, आणि तासाहून अधिक फेरी असेल तर बरोबर मीठ-साखर घातलेलें लिंबाचें सरबत ठेवावें.

राहतां राहिली लोकांची थट्टा. “टायर बसला बघा!” असा शब्द चहाच्या टपरीवरून पहिल्या आठवड्यांत कानीं पडतोच. त्यास उत्तर देण्याची गरज नसते. महिन्याभरांत तीच टपरी सायकल टेंकविण्यास जागा करून देते. घरच्या मंडळींनींही एक पथ्य पाळावें. प्रत्येक फेरीनंतर “किती किलो उतरलें?” असें विचारूं नये. वजन उतरेल किंवा न उतरेल. तें आहार, वय, प्रकृति अशा अनेक गोष्टींवर अवलंबून आहे. फेरीचें मोल वजनकांट्यावर ठरविलें, तर कांटा हलला नाहीं त्या दिवशीं सायकल सुटते. कालव्यावरचा गारवा, हळदीच्या शेताचा वास, परततांना लागलेली खरी भूक, यांनीं तें ठरविलें, तर दुसऱ्या दिवशीं पाय आपोआप सायकलीकडे वळतात.

दुधाच्या किटल्या वाहणाऱ्या त्या काळ्या सायकलीनें आपल्या भाराबद्दल कधीं लाज बाळगली नाहीं. तिला रुंद टायर, पुरेशा तारा आणि वाटेचा अंदाज असलेला स्वार एवढेंच लागे. आजच्या भरदार स्वारासही यांहून फारसें अधिक लागत नाहीं. तारा ताणलेल्या असाव्यात, हवा मोजून भरलेली असावी, ब्रेक सज्ज असावेत. मग कृष्णेच्या कांठची ती खडीची वाट त्याचीही आहे.